खंड्याचा निळा

पक्ष्याचे छायाचित्र संगणकावर पाहण्यापुरतेच असेल, तर त्यातले बरेच दोष पडद्याच्या झगमगाटात खपून जातात. तेच छापून भिंतीवर लावायचे ठरले, की ते एकेक करून डोळ्यांत खुपू लागतात. त्यातून पक्षी खंड्या असेल तर बघायलाच नको. कालव्याकाठी, विहिरीवर, विजेच्या तारेवर सर्रास दिसणारा हा पांढऱ्या छातीचा खंड्या छपाईच्या दृष्टीने मोठा अडचणीचा आहे: गळा आणि छाती शुभ्र, डोके आणि पोट गर्द तपकिरी, चोच लाल आणि पाठीवर तो निळा.

मी सुरुवात निळ्यापासून करत नाही, छातीपासून करतो. उन्हात टिपलेल्या चित्रात छातीच्या जागी नुसता पांढरा पट्टा दिसतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याने नोंदवलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल, तर संगणकावर हायलाइटचा, म्हणजे सर्वांत उजळ भागांचा, स्लायडर डावीकडे सरकवताच पिसांच्या बारीक रेषा आणि कडेची पुसट राखाडी सावली हळूहळू परत येते. जिथे सेन्सरनेच काही नोंदवलेले नाही, तिथे मात्र कितीही ओढाताण केली तरी राखाडी डागापलीकडे काही हाती लागत नाही. छापताना ही बाब अधिकच महत्त्वाची ठरते, कारण पूर्ण पांढऱ्या जागी प्रिंटर शाईच टाकत नाही आणि चकचकीत कागद तिरका धरला की तेवढा कोरा भाग वेगळा उठून दिसतो.

आता निळा. खंड्याच्या पिसांत निळे रंगद्रव्य नसते. पिसांमधल्या अतिसूक्ष्म रचनेमुळे प्रकाश विखुरतो आणि त्यातला निळा आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. म्हणजे तो रंग मुळातच प्रकाशाचा खेळ आहे, आणि तो आपल्याला उतरवायचा असतो शाईत. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो. त्यामुळे सॅच्युरेशन, म्हणजे रंगाची तीव्रता, वाढवून पडद्यावर झळाळणारा निळा कागदाच्या आवाक्याबाहेर जातो आणि छापून येतो तो पिसांचा पोत हरवलेला, एकसलग रंगाचा थर. कागदाचे कलर प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल) लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाईचा पडद्यावरच दिसणारा अंदाज, पाहिले, तर हे आधीच कळते. अशा वेळी मी निळ्याचे सॅच्युरेशन थोडे कमीच करतो आणि शेजारच्या तपकिरी रंगातली पिवळट झाक किंचित वाढवतो; निळा आपोआप उठतो, तोही पोतासकट. पडद्याची उजळताही उतरवलेली बरी. घरातले बहुतेक पडदे गरजेपेक्षा फार प्रखर ठेवलेले असतात, आणि मग ‘प्रिंट काळपट आली’ म्हणून प्रिंटरला बोल लावला जातो.

आकाराचा मोह हा वेगळाच विषय. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चित्र ६००० बाय ४००० पिक्सेलचे मिळते. पण खंड्या जवळ येऊ देत नाही, त्यामुळे क्रॉप करता करता ते ३००० बाय २००० वर येते. इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने त्यातून दहा इंच रुंदीची प्रिंट उत्तम निघते. तीच अठरा इंचांची केली, तर इंचाला जेमतेम १६७ पिक्सेल उरतात. मुळात हा पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे २८ सेंटिमीटरचा. त्याला भिंतीवर कोंबड्याएवढा करण्याची हौस मला तरी समजत नाही. क्रॉप करताना तो ज्या दिशेला पाहतो आहे, तिकडे जागा मोकळी ठेवावी आणि शेपटीला कात्री लावू नये, एवढे पाळले तरी पुष्कळ झाले.

शार्पनिंग, म्हणजे कडा रेखीव करणे, सर्वांत शेवटी, अंतिम आकार ठरल्यावर, आणि तेही फक्त पक्ष्यावर. मॅट कागदावर शाई थोडी पसरते, म्हणून तिथे पडद्यावर बरे वाटेल त्यापेक्षा किंचित जास्त चालते. मात्र चोचीच्या कडेला पांढरी किनार दिसू लागली, की हात आवरावा. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका जरासा उजळायला माझी हरकत नसते. शेपटीवरून आडवी गेलेली काटकी मात्र मी पुसत नाही. निसर्ग-छायाचित्रणाच्या स्पर्धांतही सेन्सरवरच्या धुळीचे डाग काढलेले सहसा चालतात, पण चित्रातली वस्तू काढून टाकलेली चालत नाही, आणि घरच्या भिंतीसाठी हा नियम सैल करावा असे मला वाटत नाही. खंड्या त्या काटकीमागेच बसला होता.

एवढे सगळे करून फाइल लॅबमध्ये दिली, की काउंटरवरचा मुलगा आपुलकीने विचारतो, “काका, निळा जरा वाढवू का?” त्याने विचारले तर बरेच, न विचारता यंत्रातले ऑटो करेक्शन चालू राहिले, तर छातीतली सावली आणि पाठीचा निळा दोन्ही क्षणात बदलतात. म्हणून मी ऑर्डरच्या पाकिटावर ठळक अक्षरांत ‘नो करेक्शन’ लिहितो, आधी त्याच कागदावर छाती आणि पाठ येईल एवढी लहानशी पट्टी छापून घेतो, ती वाळू देतो, ट्यूबलाइटखाली न बघता दारापाशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघतो, आणि मगच पूर्ण प्रिंटचे पैसे भरतो.