आखाजीच्या आत घर पुरे झाले

जळगावातील आमच्या जुन्या फ्लॅटचे काम अखेर संपले. वायरिंग परवानाधारक वायरमनकडून करून घेतले आणि कॉलम-बीमला हात लावायचा नाही हे आधीच ठरवले होते. बाकी फोडाफोडीपासून शेवटच्या रंगापर्यंतचे सगळे काम मी आणि माझ्या पत्नीने मिळून केले. "सर, मिस्तरी मिळाला नाही का?" असे जिन्यात भेटणारा प्रत्येक जण विचारी. मिस्तरी मिळत होते, पण घाई आम्हाला नको होती आणि संथ काम त्यांना परवडत नव्हते. मुदत मात्र पक्की होती, कारण आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माझी बहीण माहेरी येणार होती.

आमच्याकडे मार्चपासूनच ऊन तापू लागते आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे इथे सिमेंटचे काम म्हणजे निम्मे पाणी सांभाळण्याचे काम असते. गिलावा वरून कोरडा पडला म्हणजे तो पक्का झाला, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होते आणि त्याआधीच पाणी उडून गेले तर भिंतीवर बारीक तडे पडतात व गिलावा भुसभुशीत राहतो. म्हणून गिलावा भल्या पहाटे करायचा, ऊन चढायच्या आत रंधा ठेवून द्यायचा, उन्हाच्या बाजूच्या खिडक्यांवर ओली गोणपाटे टांगायची आणि पुढचे 7 दिवस भिंतीवर पाणी मारायचे, असा क्रम आम्ही पाळला.

सर्वाधिक वेळ न्हाणीघर आणि निजायची खोली यांच्यामधल्या भिंतीने घेतला. तिला लोणा (ओलीमुळे भिंतीवर फुटणारा क्षार) लागला होता आणि दर दिवाळीला दिलेला रंग गुढीपाडव्यापर्यंत पापुद्रे होऊन गळून पडे. अशा भिंतीवर कितीही महागडी पुट्टी चढवली तरी ती टिकत नाही. पाणी कुठून येते ते आधी शोधावे लागते. आमच्याकडे ते नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे न्हाणीघराच्या जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडाच्या, सांध्यातून मुरत होते. तो सांधा नवा केला, ओलीच्या रेषेच्या वीतभर वरपर्यंतचा गिलावा विटेपर्यंत खरवडला, जमिनीवर वॉटरप्रूफिंगचे दोन हात एकमेकांना आडवे-उभे दिले आणि ट्रॅपला बोळा लावून 48 तास पाणी तुंबवून ठेवले. दोन्ही दिवस खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आपले छत पाहून कळवले की, कुठेही ओल नाही. त्यानंतरच फरशीला हात घातला. व्हिट्रिफाइड फरशी अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे साध्या सिमेंटवर तिची पकड कच्ची राहते. तिला टाइल अॅडहेसिव्ह आणि दातेरी थापीच हवी. इथे पैसे वाचवू नयेत.

पुट्टीचे काम कंटाळवाणे असते, हे कबूल. दोन हात मिळून थर जेमतेम दीड मिलिमीटरचा, पण घासताना घरभर पीठ उडते. भिंत डोळ्याला सपाट दिसली तरी रात्री दिवे मालवून टॉर्च भिंतीला चिकटवून धरावा. प्रकाश तिरपा पडताच प्रत्येक उंचवटा आपली सावली टाकतो. तिथे पेन्सिलीने गोल करायचा आणि सकाळी तेवढाच भाग घासायचा. हॉलची एक भिंत तर आमच्या गोलांनी भरून गेली होती.

स्वयंपाकघरात एक हट्ट मात्र पत्नीने शेवटपर्यंत सोडला नाही. ओट्याशेजारच्या बाल्कनीत तिने एक बुटका ओटा बांधून घेतला, कारण मांडे, म्हणजे खानदेशी मोठ्या पुरणपोळ्या, भाजायचे मातीचे खापर नेहमीच्या उंचीच्या शेगडीवर ठेवले की हातावर पसरलेला मांडा त्यावर टाकताना खांदे भरून येतात. कोणत्याही तयार मॉड्युलर नकाशात हा ओटा बसला नसता. आखाजीला बहिणीने त्याच ओट्यावर पुरणाचे मांडे केले आणि धूर थेट बाहेर गेला.

आता गच्ची तेवढी उरली आहे. आमचा मजला सर्वांत वरचा असल्याने दुपारभर तापलेला स्लॅब रात्रीही घर तापवत राहतो. त्यावर पांढरा परावर्तक रंग द्यायचा आहे आणि तो स्लॅब कोरडा असतानाच, म्हणजे पावसाळ्याआधी द्यावा लागेल. सोसायटीने खर्चात वाटा उचलला तर संपूर्ण गच्ची रंगवू. नाही उचलला, तर परवानगी घेऊन आमच्या डोक्यावरचा भाग तरी आम्ही दोघे रंगवणारच.