हात लावू नकोस

रात्रीचे साडेअकरा. झोप येत नाही, आणि कारण सांगितलं तर सगळे परत हसतील.

दुपारी ओवीचा चेंडू कपाटाखाली गेला. ती पालथी पडून आत हात घालत होती आणि मी किंचाळले, "हात लावू नकोस त्याला!" ती आधी नुसती बघतच राहिली, मग ओठ काढून रडली. ताई धावत आली. "काय गं, विंचू?" विंचू कुठला. चेंडूच होता, हिरवा, एका बाजूने लव झिजलेला.

मला काही बोलताच येईना. पाच मिनिटांपूर्वी मोबाइलवर व्हिएतनामशेजारच्या लाओस देशाबद्दल वाचत होते. एका बॉम्बीचा, म्हणजे न फुटलेल्या छोट्या बॉम्बचा, फोटो होता. तिकडे लोक बॉम्बीच म्हणतात, एखाद्या पोरीला लाडाने हाक मारावी तसं. टेनिसच्या चेंडूएवढी, गोल, गंजलेली, अर्धी मातीत. व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकेच्या विमानातून एक नळकांडं पडायचं, ते हवेत उघडायचं आणि आतून अशा शेकडो बाहेर. 1964 ते 1973, नऊ वर्षं. 20 लाख टनांहून जास्त बॉम्ब, त्यात या चेंडूंची संख्या 27 कोटींच्या आसपास. त्यातले साधारण 30 टक्के फुटलेच नाहीत. ते तिथेच राहिले, भाताच्या शेतात, बांबूच्या मुळांशी. आणि 1962 साली जिनिव्हात बड्या बड्या देशांनी सह्या करून याच देशाला तटस्थ म्हटलं होतं. सह्यांचं काय, जाऊ दे.

लढाई थांबल्यावरसुद्धा 20 हजारांच्या आसपास माणसं या न फुटलेल्या बॉम्बमुळे मेली किंवा जायबंदी झाली. कुणी कुदळ मारताना, कुणी भंगार विकायला गोळा करताना. कुणी नुसती शेकोटी पेटवली आणि खालची माती तापली. आणि पोरं, चेंडू समजून. आजी लहान असताना पडलेली वस्तू नातवाच्या हातात फुटते. त्या नातवाचं कुणाशी भांडण होतं?

पण मला छळतंय ते हे नाही. मला छळतंय ते माझं ओरडणं. इतकं जोरात मी जन्मात कुणावर ओरडले नव्हते. ताई म्हणाली, "तू आणि तुझा मोबाइल." बाबा काहीच म्हणाले नाहीत, ते जास्त लागलं. मला वाटलं, या घरात मला कुणी समजूनच घेत नाही. तासभर असंच तोंड पाडून बसले.

मग माझं मलाच हसू आलं. मी घाबरले एक सेकंद, आणि त्याचं कौतुक दिवसभर! तिकडच्या बायांनी हा एक सेकंद किती वर्षं रोज काढायचा? आणि मी निदान समोर होते. पोर रानात गेलेलं असताना आई ओरडणार तरी कुठून?

बेल्जियममध्ये 1914 च्या युद्धातले तोफगोळे अजून नांगराला लागतात म्हणे. शेतकरी उचलून रस्त्याकडेला ठेवतो, लष्कराची गाडी येऊन घेऊन जाते. त्याला नावच पडलंय, लोखंडी पीक. शंभर वर्षांनंतरही पीक येतंच आहे. एवढी निगुतीची पेरणी माणसाने दुसऱ्या कशाची केली असेल का, कोण जाणे.

शेवटी काठीने चेंडू मीच काढला. धूळ, एक क्लिप, आणि मागच्या वर्षी हरवली म्हणून मी जिच्यासाठी आकांडतांडव केला ती पेनड्राइव्ह. (हे ताईला सांगणार नाही.) ओवीला दिला, तर तिने हात मागे घेतला. म्हणाली, "घेऊ?"

संध्याकाळपर्यंत तीन वेळा विचारलं तिने, घेऊ का म्हणून. चौथ्यांदा चेंडू पलंगाखाली गेला तेव्हा विसरली, तशीच आत घुसली. मी तोंडावर हात दाबून बसले होते.