औंढा-नर्सीची फेरी कोणाची? : आमची वाटचाल

नांदेड स्टेशनबाहेर आज कुठल्याही ट्रॅव्हल्सच्या काउंटरवर उभे राहा, ‘एका दिवसात औंढा-नर्सी’ असं छापलेलं कार्ड तुमच्या हातात ठेवतील. औंढा नागनाथचं देऊळ आणि संत नामदेवांचं जन्मगाव नर्सी, अशी ही फेरी. एका बाजूला मराठी-हिंदी, दुसऱ्या बाजूला गुरुमुखी. आज दुसरेच स्वतःला ‘नर्सी दर्शनचे जनक’ म्हणवतात, पण ते कार्ड मुळात आमचं आहे. पुराव्यासाठी लांब जायला नको. दुपारच्या जेवणाला वसमतच्या अलीकडची जी खानावळ त्यावर छापली आहे ती कधीच बंद पडली, तिथं आता ट्रॅक्टरचं शोरूम आहे. आमच्या कार्डावरून तिचं नाव आम्ही लगेच काढलं. बाकीच्यांच्या कार्डावर अजून पंगत बसलेली आहे.

धंदा सुरू झाला तो एका जुन्या सुमोवर. मनमाडकडून मोठी लाइन आली, अमृतसरहून सचखंड एक्सप्रेस थेट नांदेडला यायला लागली आणि स्टेशनवर एकदम पंजाब उतरू लागला. तोपर्यंत या गावात बाहेरचा माणूस म्हणजे मोंढ्यात आलेला व्यापारी, नाहीतर माहूरला निघालेलं कुटुंब. आमच्याकडे थोडे पैसे होते, गाडीतलं काही कळत नव्हतं. मेकॅनिक मामूकडे हात होता, पैसे नव्हते. इतवाऱ्यात त्यांचं गॅरेज होतं, गॅरेज म्हणजे लिंबाचं झाड आणि एक पेटी. निम्मी भागीदारी ठरली, तीही तोंडी. कागद करू म्हटलं तर मामू म्हणाले, “भाऊ, अपनकू किदर भाग के जाने का है?”

त्या सुमोबद्दल लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल. मागे समोरासमोरच्या दोन बाकड्यांवर चार माणसं आरामात आणि सहा माणसं भांडत बसायची. टपावर कॅरियर, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीला काथ्याची दोरी. नायलॉनची दोरी मामू वापरू द्यायचे नाहीत, उन्हात ताणते आणि गाठ सुटते म्हणायचे. पान्यांची कापडी गुंडाळी त्यांनी स्वतः शिवलेली, प्रत्येक पान्याला खण, आणि एखादा खण रिकामा दिसला तर गाडी जागची हलायची नाही. आज आमच्या नव्या ड्रायव्हरांना टोल-फ्री नंबर पाठ असतो, जॅक कुठं लावायचा ते विचारा, चेहरा बघण्यासारखा होतो.

लोकल फेरी, म्हणजे नांदेडच्या गुरुद्वाऱ्यांची, तुम्हाला सांगायला नको. तख्त सचखंड, नगीना घाट, बंदा घाट, संगत साहिब, माल टेकडी, शिकार घाट, मग मुगटच्या बाजूला हिरा घाट आणि माता साहिब. संध्याकाळी शस्त्रदर्शनाच्या आधी परत. फेरी तीच, फरक सांगणाऱ्याचा. बादशहा बहादूरशहाने दिलेला हिरा गुरू गोविंदसिंगांनी गोदावरीत टाकून दिला, ही हिरा घाटाची कथा. माल टेकडीचा खजिना ढालीने मापून फौजेला वाटला, ही संगत साहिबची. माधोदास बैराग्याचा बंदासिंग बहादूर झाला, ती बंदा घाटाची. कोणती कथा कुठल्या घाटावर हे आमच्या गाडीत कधी चुकलं नाही, कारण सांगायचे मामू. पाच वेळचे नमाजी, पण पंजाबहून आलेल्या म्हाताऱ्या बायका त्यांच्याकडून १७०८ सालची हकीकत ऐकून डोळे पुसायच्या. हे गाव असंच आहे. इथले जुने शीख आपापसात दखनी बोलतात, भाजीवालीशी मराठी, आणि पंजाबातले पाहुणे आले की पंजाबी सांभाळून बोलतात.

आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक बटाल्याकडचे एक सरदारजी. दरवर्षी होळीच्या आधी यात्रेकरूंचा जथ्था घेऊन यायचे, हल्लाबोलची मिरवणूक बघून परत. गाडी आमचीच, आणि मामूच हवेत. एका वर्षी माता साहिबहून परत येताना त्यांनी विचारलं, “नामदेवजी दा पिंड कित्थे है?” स्टँडवर दहा लोकांना विचारलं, निम्म्यांनी पंढरपूर सांगितलं. गोष्ट तर शेजारच्या जिल्ह्यातली, कयाधू काठचं नर्सी. नामदेवांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, आणि सरदारजींच्या गावाजवळच घुमान, जिथं नामदेव राहिले असं तिकडं मानतात. म्हणजे हा माणूस ज्याला रोज बाणीत ऐकत होता त्याचं जन्मगाव नांदेडपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, आणि आमच्या स्टँडवरची एकही गाडी तिकडं जात नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुमो काढली. जाताना वसमतवरून औंढा नागनाथ. तिथं देवळाच्या मागे नंदी का, तर नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं, ही कथा ऐकून सरदारजी देवळाला पूर्ण वळसा घालून आले, खात्री करायला. गाभारा तळात आहे, खाली अरुंद वाटेने उतरावं लागतं, म्हणून आमच्या गाडीत त्या दिवसापासून बॅटरी ठेवलेली असते आणि जाड प्रवाशाला आधीच हळूच सांगतात. मग हिंगोलीवरून नर्सी. येताना कळमनुरीमार्गे वारंगा फाटा, तिथं खिचडी. जथ्थ्यातल्या बायकांनी वसमतच्या बाजारात हळद बघून ठेवली होती, तीही पुढच्या फेरीपासून ‘थांबा’ म्हणून लागली. अशी ती फेरी बसली. वेळा मामूंनी बसवल्या, मराठी-हिंदी आम्ही लिहिलं, गुरुमुखी सरदारजींनी स्वतःच्या हाताने. प्रेसवाल्याकडे गुरुमुखीचे टाइप नव्हते, म्हणून त्यांच्या हस्ताक्षराचाच ब्लॉक केला.

आता दुसरी गोष्ट. बुकिंग सांभाळायला एक मुलगा ठेवला होता. हुशार, अक्षर चांगलं, मला काका म्हणायचा. ट्रिपशीटची डुप्लिकेट बुकं, गिऱ्हाइकांचे पत्ते, कोणता जथ्था कोणत्या महिन्यात येतो, सगळं त्याच्या हाताखाली. २००८ साली गुरुतागद्दीची, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबाला गुरुपद दिल्याची, त्रिशताब्दी आली. ज्यांनी ते नांदेड आधी पाहिलं नाही त्यांना कळणार नाही. रस्ते रुंद झाले, नदीवर घाट बांधले, विमानतळ नवा झाला. जो तो म्हणत होता की आता हा ओघ असाच राहणार. आम्ही फायनान्सवर दोन टेम्पो ट्रॅव्हलर घेतल्या, आणि त्या घ्यायलाच पाहिजे होत्या. त्या दिवसांत गाडी नाही म्हणून माणसं बैलगाडीलाही तयार होती.

ऑक्टोबर-नोव्हेंबर गेला. डिसेंबरात स्टेशनवर ड्रायव्हर जास्त, प्रवासी कमी. हप्ते मात्र पाच तारखेला. आणि त्याच महिन्यात तो मुलगा आला नाही. चौथ्या दिवशी कळलं की आमच्यापासून तीन गाळे सोडून त्याने बोर्ड लावलाय. आमचे दोन ड्रायव्हर त्याच्याकडे. पत्त्यांची वही आमच्याकडे होती, पण तिची नक्कल त्याने आधीच करून घेतली होती. पंधरा दिवसांत काउंटरवर कार्ड आलं. मराठी वाक्यं जशीच्या तशी. गुरुमुखी बाजू उलटून बघितली तर अक्षर सरदारजींचं! फोटो काढून छापलेलं. खाली नाव त्याचं.

इथवर मी समजू शकतो. पोट सगळ्यांना आहे. पण पुढे लॉजवाल्यांना माणशी कमिशन, ऑटोवाल्यांना कमिशन, आणि फेरीसाठी पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी नोंदणीच्या गाड्या. ना टुरिस्ट परमिट, ना प्रवाशांचा विमा. आम्ही बिदरला नानक झिरा साहिबला गाडी काढायची तर कर्नाटकचा टॅक्स, बासरला सरस्वतीला काढायची तर सीमेपलीकडचा वेगळा टॅक्स, रात्री चेकपोस्टवर पावती फाडत उभे. तो रस्त्याकडेच्या पाहुण्यांसारखा हात हलवत पुढे. त्याचा दर आमच्यापेक्षा कमी असणारच. तक्रार केली. जिथं केली तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि “तुम्ही आपसात मिटवा” म्हणाले.

त्या उन्हाळ्यात फायनान्सवाल्यांनी एक ट्रॅव्हलर उचलून नेली. भर दुपारी, हिंगोली गेटजवळ, आतल्या प्रवाशांना खाली उतरवून. तीन गाळे पलीकडून बघत होते. दुसरी गाडी मामूंनी रातोरात किनवटकडे नातेवाइकांच्या वाड्यात नेऊन ठेवली आणि पंधरा दिवस कुठं आहे ते मलाही सांगितलं नाही.

सरदारजींना हे कोणी सांगितलं ते आजही माहीत नाही, मामूंनीच सांगितलं असणार. त्यांनी फोनवर फार विचारलं नाही. बटाल्याहून ड्राफ्ट आला, पुढच्या तीन होळ्यांच्या जथ्थ्याचं भाडं आगाऊ. सोबत चिठ्ठी, की भाव आजचाच धरायचा, पुढे वाढवायचा नाही. धंदा त्यांनाही कळत होता. त्यातून थकलेले हप्ते भरले, उचललेली गाडी सोडवली, आणि डिझेल वाढलं तरी तीन वर्षं त्यांना जुन्याच भावात फिरवलं. त्या फेऱ्यांत तोटा झाला. तो लिहून ठेवलेला नाही.

पुढची वर्षं बरी गेली. इनोव्हा आल्या, मोठी गाडी आली, ऑफिसला काच लागली. २०१५ ला घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा नामदेवांचं नाव एकदम सगळ्यांच्या तोंडी आलं आणि तीन गाळे पलीकडे ‘नर्सी दर्शनचे जनक’ असा फ्लेक्स लागला. मामूंनी तो वाचून घेतला आणि पानाची पिंक टाकायला बाहेर गेले, जरा जास्तच लांब गेले. २०२० च्या एप्रिलमध्ये पंजाबचे हजारो यात्रेकरू इथं अडकले होते, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमच्या गाड्या उभ्या, बॅटऱ्या बसल्या, पण हप्ता एकाही गाडीवर नव्हता. २००८ चा धडा म्हणा.

आता विचारलं नाही तरी सांगतो. या धंद्यात येणाऱ्या पोरांनी पहिली गाडी जुनी घ्यावी आणि ती स्वतः उघडून बघावी. लॉजवाल्याला कमिशन देऊ नका, एकदा दिलं की गिऱ्हाईक त्याचं होतं. परमिट आता ऑनलाइन मिळतं, २०२१ पासून ऑल इंडिया टुरिस्ट परमिटने सीमेवरची कटकट पुष्कळ गेली, तेव्हा पांढऱ्या पाटीला कारण उरलेलं नाही. आणि पाहुण्यांनो, सहस्रकुंडचा धबधबा ऑगस्ट-सप्टेंबरात बघा, मे महिन्यात तिथं खडक बघायला एवढं डिझेल जाळू नका. माहूरला नवरात्रात जायचं तर वर चढायला किती वेळ लागेल ते आम्हाला विचारू नका, तो देवीचा विषय. तांबूल मात्र गडावरच घ्या, कुटलेला, ताजा. कंधारचा किल्ला लोक उगाच सोडतात. राष्ट्रकूटांच्या काळातलं गाव, पाण्याने भरलेला रुंद खंदक, गावात हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा, आणि गर्दी नाही. देगलूरकडे होट्टलचं चालुक्यकालीन सिद्धेश्वर देऊळ जोडलं तर दिवस भरतो. अर्धापूरजवळ दाभडचं बावरीनगर महाविहारही आमच्या यादीत आहे. गोदाकाठच्या बावरीने आपले सोळा शिष्य बुद्धाकडे पाठवले, ती कथा तिथं ऐकायला मिळते. जानेवारीत धम्म परिषदेच्या वेळी त्या रस्त्याला गाडी लावायला जागा नसते, एवढं लक्षात ठेवा.

सरदारजी आता प्रवास करत नाहीत. जथ्थ्याचा फोन नातू करतो, आणि भाव कमी करा म्हणतो, आजोबांनी कधी म्हटलं नाही ते. मामू दुपारी ऑफिसात येऊन बसतात, नव्या ड्रायव्हरांची पान्यांची गुंडाळी तपासतात. निम्मा हिस्सा अजून तोंडीच आहे.

दसरा, दिवाळीचं तख्तस्नान आणि होला मोहल्ला, या तीन वेळी गाडी हवी असेल तर महिनाभर आधी कळवा, अ‍ॅडव्हान्स पाठवा. माळेगावच्या यात्रेला लहान गाडी घ्या, मोठी आत जात नाही. येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, फोन करू नका. सगळे ड्रायव्हर त्या दिवशी शेतात भज्जी-अंबिलीवर असतात, ऑफिसला कुलूप असतं.