जोड कुणी लावली?

सोलापूर जिल्ह्यात जत्रा-उरूस म्हटलं की कुस्त्यांचं मैदान आलंच. तिथं सगळ्यात जोखमीचं काम पैलवानाचं नसतं, जोड लावणाऱ्याचं असतं. समोर लंगोटावर पोरं उभी. काटा नाही, कागद नाही. वस्ताद एकाचा दंड चाचपतात, दुसऱ्याच्या मानेवर हात टाकतात, पोटऱ्यांवर एक नजर, आणि दोघांचे हात एकमेकांच्या हातात. पाच-सात किलो इकडं-तिकडं झाले तरी हलगी कडाडल्यावर विचारतंय कोण?

ज्युदोतल्या पुरुषांच्या खुल्या गटात मात्र जोडच लावायची नाही. वजन कितीही असो, ज्याला वाटेल त्यानं उतरावं. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा आला तेव्हा 68 किलो, 80 किलो, 80 च्या वर असे तीन गट होते आणि चौथा हा. जपानच्या जिगोरो कानोंनी 1882 मध्ये ज्युदो उभा केला तो समोरच्याचं बळ त्याच्यावरच उलटवायच्या भरवशावर. साहजिकच जपानचा सगळा जीव या चौथ्या गटात. आणि नेमका तिथं हॉलंडचा साडेसहा फुटी अँटन गेसिंक आला. अंतिम लढतीत त्यानं अकिओ कामिनागाला खाली घेतलं आणि दाबून धरलं. आपल्याकडं पाठ लागली की कुस्ती संपली. ज्युदोत तेव्हा तीस सेकंद दाबून ठेवावं लागे. बुडोकान सभागृहातल्या जपानी प्रेक्षकांना ती तीस सेकंदं केवढी वाटली असतील! जिंकल्यावर डच पाठीराखे मॅटकडं धावले, तर गेसिंकनं हात वर करून त्यांना तिथंच थोपवलं. आमच्याकडं एव्हाना फेटे उडाले असते आणि गडी खांद्यावर असता.

ही लढत मी ओळखीच्या एका वस्तादांना मोबाईलवर दाखवली. त्यांनी गेसिंकची मान बघितली, कामिनागाची बघितली. म्हणाले, "जोड कुणी लावली रे ही? आपल्यात पब्लिकनं मैदान बंद पाडलं असतं."

त्यांचं चूक नाही. 'लहानानं मोठ्याला लोळवलं' ही हौस मुख्यतः कडेला बसून शेंगा खाणाऱ्यांची. 1972 ला म्युनिकमध्ये विम रुस्कानं हेवीवेट आणि खुला अशी दोन्ही सुवर्णं उचलली. त्यात नवल ते काय? खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कांस्य आणलं ते 57 किलोच्या गटात. वजनाचे गट नसते तर ते पदक कुठून येणार होतं? 1984 नंतर ऑलिंपिकनं खुला गट काढून टाकला, ते हिशेबानं बरोबरच केलं.

पण हिशेब कधीकधी फसतोही. 1980 ला मॉस्कोत पूर्व जर्मनीच्या डिटमार लोरेन्झला स्वतःच्या 95 किलोच्या गटात कांस्यावर भागवावं लागलं आणि खुल्या गटात त्यानंच सुवर्ण नेलं. अंतिम लढतीत हरवलं कुणाला, तर त्याच ऑलिंपिकच्या हेवीवेट विजेत्या अँजेलो पारिसीला! बरोबरीच्यांत मागं पडलेला गडी थोरल्यांना भारी पडला.

जपाननं मात्र आपली राष्ट्रीय स्पर्धा बिनगटाचीच ठेवली. मधल्या वजनाच्या इसाओ ओकानोनं ती 1967 आणि 1969 अशी दोनदा मारली. आणि 1990 ला तोशिहिको कोगा थेट अंतिम फेरीत. हा 71 किलोच्या गटातला जगज्जेता, समोर नाओया ओगावा, जवळजवळ दुप्पट वजनाचा. कोगाचा हुकमी डाव समोरच्याच्या काखेत शिरून त्याला पाठीवरून फेकायचा. त्यासाठी आधी खाली घुसायला हवं, आणि ओगावा वरून असा रेटत होता की घुसायला फटच मिळेना. तरी गडी पुन्हापुन्हा आत जातोच आहे. शेवटी ओगावानं त्याला पाठीवर टाकलं. निकाल मला पक्का ठाऊक आहे, तरी ती लढत लावली की दर खेपेला मी कोगाच्याच बाजूनं ओरडतो, "घूस बे, घूस!" घरातले म्हणतात, आवाज कमी कर.