रेट कट झाला, आता मजा ना तुमची?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. सोसायटीच्या गेटवर, ऑफिसात, परवा तर लग्नाच्या पंगतीत पण, "रेपो रेट कमी झाला, आता मजा ना तुमची?" (रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो; तो हलला की लोनचे आणि एफडीचे दरही हलतात.) सगळ्यांना माहितेय माझं घोडबंदर रोडच्या फ्लॅटचं लोन चालू आहे म्हणून. मी हो हो म्हणून सटकतो, कारण खरं उत्तर असं आहे की आमच्या घरात लोन माझं आणि एफडी आईची, त्यामुळे रेट हलला की एकाच घरात एका खोलीत दिवाळी आणि दुसऱ्या खोलीत शिमगा.

2020 चंच घ्या. लॉकडाऊनच्या तिसऱ्या दिवशी, 27 मार्चला, रिझर्व्ह बँकेने रेपो 5.15 वरून 4.40 केला, मे महिन्यात आणखी खाली, 4 टक्के. वर मोरेटोरियम, म्हणजे हप्ते थांबवायची मुभा, आधी तीन महिने, मग 31 ऑगस्टपर्यंत. मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत, पगार निम्मा झालेला, मी सहाही महिने हप्ते थांबवले. माफ झाले असं वाटणाऱ्यांतला मी नव्हतो पण हिशोबही केला नव्हता हे कबूल करतो. 40 लाखांवर सहा महिन्यांचं व्याज, जवळपास दीड लाख, मुद्दलात जाऊन बसलं. नंतर कोर्टात गाजलं ते व्याजावरचं व्याज, ते सरकारने दोन कोटींपर्यंतच्या लोनवाल्यांना परत दिलं, माझ्या खात्यात आले दोन हजारांच्या वर थोडेसे. बायको म्हणाली, पेढे आणा.

तरी त्या वेळी रिझर्व्ह बँकेने रेट कमी करणं बरोबरच होतं असं माझं मत आहे. सगळे एकदम पैसे धरून बसले की चांगला चाललेला धंदाही महिन्याभरात गळपटतो आणि त्याच्यामागे बँक. गंमत अशी की स्वस्त पैसा बँकांच्या हातात आला आणि त्यांनी घाबरून तो पुन्हा रिझर्व्ह बँकेकडेच ठेवला, लाखो कोटी. आमच्या बिल्डिंगसारखं, टँकर येऊन टाकी फुल, पण सातव्या मजल्यावर नळाला सूं सूं आवाज. शेवटी रिव्हर्स रेपो (बँकांना अशा ठेवलेल्या पैशावर मिळणारा दर) 3.35 टक्क्यांवर आणला, म्हणजे इथे ठेवून काही मिळणार नाही, जा बाबांनो, लोन द्या.

आणि आई. तिची एफडी मार्चअखेर मॅच्युअर झाली, ते पैसे पोस्टाच्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाकायचे ठरलेले, 8.6 टक्के होते तिथे. पण लॉकडाऊनमध्ये घराबाहेर पडणार कोण, आणि 1 एप्रिलपासून दर 7.4. (तो सरकार ठरवतं, रिझर्व्ह बँक नाही, पण वारं तेच.) त्या आर्थिक वर्षात (2020-21) महागाई सरासरी 6.2 टक्के होती, बँकेच्या एफडीला त्याहून कमी मिळत होतं. म्हणजे माझ्या हप्त्याला जो दिलासा मिळाला त्याचा थोडा भाग आईच्या औषधांच्या पैशातून आला, हे मला सरळ दिसत होतं आणि तिलाही. ती बोलली काही नाही, फक्त पेपरातलं व्याजदर कमी झाल्याच्या बातमीचं पान घडी घालून माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

मग 4 मे 2022, महागाई वाढली म्हणून ठरलेली मीटिंग नसताना अचानक रेट वाढवला, आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत 4 चा 6.50. माझा हप्ता तेवढाच, चौतीस हजार, म्हणून मी निवांत. एकदा सहज स्टेटमेंट काढलं तर उरलेली मुदत 23 वर्षांच्या वर! लोन मुळात घेतलेलं 20 वर्षांचं, 2019 मध्ये. बँकेने हप्ता न वाढवता मुदत ताणली होती, मला कळवल्याचं आठवत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम काढला की हप्ता वाढवायचा की मुदत हे ग्राहकाला विचारा, तेव्हा मी जाऊन हप्ता वाढवून घेतला. तुमचंही लोन फ्लोटिंग, म्हणजे रेटबरोबर व्याज बदलणारं, असेल तर हप्ता बघू नका, किती हप्ते उरलेत ते बघा.

2025 मध्ये फेब्रुवारी ते जून 6.50 चा 5.50 झाला, जूनमध्ये तर एकदम अर्धा टक्का. मी मोबाईलवर बातमी वाचून दाखवली. आई म्हणाली, "माझी एफडी नोव्हेंबरला संपतेय, आत्ताच तोडून नवी केली तर पेनल्टी किती रे?"

बघून सांगतो म्हटलं.