रेंज सड्यावर, शाळा घरात

आज कोयना खोऱ्यात दिवसभर पाऊस. दुपारी लाईट गेली, टॉवरची बॅटरी उतरली आणि पाठोपाठ रेंजही. पाटण-जावळीच्या वाड्यावस्त्यांवर पोरांचा ऑनलाइन तास असाच मधेच तुटतो.

शिक्षकांना कळकळीची विनंती, थेट व्हिडिओ तासाचा हट्ट सोडा. तासाभराच्या कॉलला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा जातो. पॅक रोजचा दीड जीबीचा, फोन एक आणि शिकणारी भावंडं दोन. धाकट्याच्या वाट्याला काय उरणार?

त्यापेक्षा आठ-दहा मिनिटांचा धडा रेकॉर्ड करा. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, मग फळ्यावरची अक्षरं फुटतात, अपूर्णांकाची रेघसुद्धा दिसत नाही. म्हणून गणिताची मांडणी वेगळ्या फोटोत पाठवा, समजावणं नुसत्या आवाजात चालतं. दीक्षा या सरकारी शिक्षण अ‍ॅपमधला धडा एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय उघडतो. गावातल्या एकाने सकाळी लवकर रेंजच्या जागी जाऊन तो उतरवावा आणि मेमरी कार्डाने वाडीभर द्यावा.

पालकांनी व्हॉट्सअ‍ॅपचं आपोआप डाउनलोड बंद करावं, नाहीतर नको ते व्हिडिओच पॅक संपवतात. आणि विजा चमकत असताना पोरांना रेंजसाठी सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या पठारावर, अजिबात धाडू नका, अभ्यास उद्या होईल.

ज्या घरी फोनच नाही, तिथल्या पोरांसाठी स्वाध्यायाच्या झेरॉक्स वाडीतल्या किराणा दुकानात ठेवा. आठवड्याने वह्या तिथेच जमा करून तपासून परत द्या.