सेत्ते, दुसरी बाटली: मटणाचं वाटण बदललं

मागच्या खेपेला सेत्ते या रेड वाइनची बाटली कपाटातून काढली आणि तशीच उघडली. दादरचं घर, ऑक्टोबरचा उकाडा, खोलीत ३१ अंश. पहिल्याच घोटाला अल्कोहोलचा झणका नाकात गेला, बाकी काही कळेचना. या वेळी तासाहून थोडा जास्त वेळ फ्रिजमध्ये ठेवली, थर्मामीटर लावून पाहिलं आणि १७ अंशांवर ओतली. तीच वाइन, पण आधी चेरी आली, मग सुक्या पानांचा वास, आणि जिभेच्या कडांना स्वच्छ आंबटपणा. मुंबईत 'रेड रूम टेंपरेचरला प्यावी' हे विसरायचं, मंडळी.

सेत्ते ही फ्रातेल्ली या वाइनरीची, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजजवळची. सांजोव्हेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों या दोन द्राक्षांचं मिश्रण. आंबटपणा सांजोव्हेझेचा, कणा काबर्नेचा. अकलूज म्हटलं की आपल्याला ऊस आठवतो, पण उसाची खोल काळी जमीन वाइनच्या द्राक्षाला सोसत नाही. पाणी धरून ठेवते, वेल नुसती फोफावते. मुरमाड जमिनीत निचरा होतो, वेलीला ताण बसतो, मणी बारीक राहतात. बारीक मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, आणि रेडचा रंग सालीतूनच येतो, टॅनिनही, म्हणजे तोंड कोरडं करणारा तुरटपणा, बरंचसं तिथलंच. त्या बाजूने आणलेला मुरमाचा एक खडा माझ्या टेबलावर आहे. नखाने घासला की तपकिरी भुगा पडतो.

आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून छाटण्या दोन: एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरताना फळासाठी गोडी छाटणी. काढणी जानेवारी ते मार्च. थंडीतल्या गार रात्रींमुळे द्राक्षातली आंबट चव टिकते, आणि जेवणासोबत मला तीच हवी असते.

आता ताट. बांगडा फ्रायसोबत सपशेल फसली, तोंडात लोखंडासारखी चव. रेडमधलं लोह आणि माशाचं तेल यांचं जमत नाही. मालवणी मटणासोबत मागच्या वेळी तिखटाने वाइनला मारलं होतं. मिरचीची आग अल्कोहोलने भडकते. आईला सांगून या वेळी मिरची निम्मी केली आणि सुकं खोबरं चांगलं काळपट होईपर्यंत भाजलं. जमलं! मटणाच्या चरबीने टॅनिन मऊ पडलं, भाजलेल्या खोबऱ्याची कडवट गोडी वाइनमध्ये मिसळून गेली. आईने दुसरा घोट मागून घेतला.

ग्लासभर उरली आहे, बूच लावून फ्रिजमध्ये. उद्या भरली वांगी, शेंगदाण्याचं कूट सढळ हाताने.